तंजावूरच्या पानफुटीने खाल्लेला धूर

माझे होणारे व्याही, तंजावूरचे वेंकोबराव, यांनी मला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. पुढे नदी येईल, नारळ येतील, कॉफी येईल, आणि मी खूश होऊन परतलो असा कोणाचा तरी समज होईल. तसं काही नाही. जाताना मी खुशीत होतो. येताना चिडलेला होतो आणि अजून आहे.

सांगलीत माझा जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा आहे. लग्न, सभा, उरूस, गणपती, काहीही असो. मी सुरुवात केली ती दुसऱ्याच्या जनरेटरची दोरी ओढण्यापासून. मशीन सुरू झालं तर मालकाची पुण्याई, नाही झालं तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार. आज माझी स्वतःची मशिनं आहेत, आणि सांगलीत लाइट गेली की लोकांना आधी देव आठवतो आणि मग मी. भाव करण्यात मला अजून कोणी हरवलेलं नाही. म्हणजे नव्हतं.

माझी एकुलती एक मुलगी शुभदा पुण्यात नोकरीला आहे. तिथे शिकायला आलेल्या प्रसन्नशी तिचं जमलं. प्रसन्न आता तंजावूरच्या एका कॉलेजात झाडांच्या पानांवर संशोधन करतो. त्याचे वडील वेंकोबराव त्याच विषयाचे निवृत्त प्राध्यापक. घराणं मराठी, राजांबरोबर तिकडे गेलेलं आणि परत यायचं विसरलेलं. मी बायकोला, सुमनला, म्हटलं, "घरात मराठी बोलतात ना? मग आपलीच माणसं. दोन दिवसांत सगळं ठरवून येऊ."

ठरवायचं एकच राहिलं होतं, लग्न कुठे आणि कसं. माझ्या मनात ते कधीच ठरलं होतं. ज्या मार्केट यार्डात मी दोऱ्या ओढल्या, तिथल्याच मैदानावर मांडव. मांडवाच्या मागे माझी सगळी मशिनं ओळीने उभी, प्रत्येकाला झेंडूचा हार. मुलीचं लग्न मुलीकडचे करून देतात, ही रीत त्यांच्याकडेही आहे. तेव्हा यात वाद होईल असं मला वाटायचं कारणच नव्हतं.

तंजावूर, पहिला दिवस

दारात वेंकोबराव उभे होते. बारीक अंगाचे, पांढरी वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर नेसलेले, आणि आवाज इतका हळू की मला आधी वाटलं ते मनातल्या मनात बोलताहेत.

"यावें, सोयरे. बैसा. प्रवास सुखाचा झाला कीं?"

शिवकाळातला एखादा कारकून उठून आला आणि त्याने मला कॉफी विचारली, असं मला झालं. त्यांच्या बोलण्यात आपल्याकडे मोडीत निघालेले शब्द अजून चालू चलनात आहेत, आणि सूर मात्र पुरा तमिळ. वाक्य संपलं असं वाटतं तेव्हा ते वर चढतं. कुठल्याही गोष्टीला होकार द्यायचा तर ते म्हणतात, "सरि." म्हणजे बरं, चालेल. हा शब्द लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

कॉफी पितळी पेल्यात आणि खोलगट वाटीत येते. ती पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतून, फेस आणून, पेला ओठाला न लावता वरून तोंडात सोडायची. वेंकोबरावांनी करून दाखवलं. एक थेंब सांडला नाही. मीही केलं. सुमन म्हणाली, "अहो, शर्टाला पाजताय का?"

प्रसन्न मला मामा म्हणू लागला. तिकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. आमच्या बाजारात कोणाला मामा बनवतात, ते मी त्याला सांगितलं नाही. त्याला मराठी कळतं सगळं, पण बोलताना मधेच इंग्रजी आणि तमिळ येतं, आणि तो मोठ्या घाईत असल्यासारखा दोन्ही वापरून मोकळा होतो.

जेवण केळीच्या पानावर. वेंकोबरावांच्या पत्नी, अंबुजाबाई, यांनी उडदाच्या पिठाचं डांगर केलं होतं. आपल्याकडे असतं तेच, दही घालून सैल केलेलं. त्याला त्या डांगर पचडी म्हणतात. वांग्याची रसवंगी होती. सांबार होतं. सांबार पहिल्यांदा झालं ते इथल्या मराठी राजाच्या मुदपाकखान्यात, असं वेंकोबरावांनी सांगितलं. मी म्हटलं, "मग सगळ्या इडलीवाल्यांकडून आपली काहीतरी वसुली निघते." अंबुजाबाई हसल्या. वेंकोबराव म्हणाले, "सरि," आणि मला आणखी वाढायला सांगितलं.

आता एक किरकोळ गोष्ट सांगतो. मला मुतखड्याचा त्रास आहे. त्यावर मी रोज सकाळी अनशापोटी पानफुटीचं पान चावून खातो. सांगलीत दारात कुंडी आहे. इथे काय करायचं म्हणून सकाळी पोचल्याबरोबर, कॉफीच्याही आधी, मागच्या अंगणात गेलो, तर जास्वंद, कढीपत्ता, तुळस यांच्या रांगेत पानफुटीची एक दाट कुंडी सापडली. पान तोडलं, चावलं. आंबट! चिंचेने मान खाली घालावी इतकं आंबट. सांगलीतही सकाळी आंबटच लागतं म्हणा, पण हे वरचढ. माल चांगला आहे, असं मी मनात म्हटलं.

संध्याकाळी कंबर जरा दुखू लागली म्हणून दुसरं पान खाल्लं. सपक. गवत चघळल्यासारखं. त्याच कुंडीतलं, त्याच फांदीचं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारलं, "वहिनी, दुपारी कुंडी बदलली का?"

"अय्यो, कुंडी कोण बदलेल? तीच ती."

"सकाळी आंबट होती."

"मी कधीं झाड खाऊन पाहिलें नाहीं," अंबुजाबाई म्हणाल्या आणि सुमनकडे पाहिलं. सुमनने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी मागे फिरलो. पण सकाळी एक माल दाखवून संध्याकाळी दुसरा देणाऱ्यांना मी ओळखतो. त्या झाडाबद्दल माझं मत तिथेच वाईट झालं.

तिरुवैयारु, दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी वेंकोबराव आम्हाला बसने तिरुवैयारुला घेऊन गेले. वाटेत दोन्ही बाजूंना भात आणि कालवे. कालव्यातून पाणी असं निवांत चाललेलं की त्याला कुठे पोचायचंच नाही. आमच्याकडे पाणी सुटलं की माणसं मोटारी घेऊन धावतात. इथे बगळेसुद्धा बसून होते.

कावेरीच्या काठी वेंकोबरावांची नारळाची बाग आहे. पलीकडच्या घरात कोणी तरी मुलींना गाणं शिकवत होतं. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी शिकवणाऱ्या बाईंचा "अहं!" शहाळी फोडली. सुमनने पाय पाण्यात सोडले. मीही सैल पडलो, आणि नेमक्या त्या वेळी वेंकोबराव बोलले.

"सोयरे, लग्न सांगलीस होऊं द्या. रीत आहे. माझें एकच मागणें. जनरेटर नको."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"जनरेटर नको म्हणजे?"

"धूर नको. पाहुण्यांच्या छातींत जातो. लहान मुलें असतात."

वाचकहो, हलवायाच्या मुलीच्या लग्नात गोड नको म्हणण्यासारखं हे आहे. माझा आवाज चढला. पलीकडचं गाणं थांबलं. मी म्हणालो, "रावसाहेब, माझी मशिनं मांडवाच्या मागे असतात. धूर वर जातो आणि नाहीसा होतो. इतकी वर्षं झाली, एक पाहुणा मेला नाही माझ्या धुराने."

"नाहीसें कांहींच होत नाहीं, सोयरे. कोणी तरी तें घेतो. कांहीं पानें घेतात, कांहीं आपण."

"पानं?"

"हीं वरचीं पानें." त्यांनी नारळाकडे बोट केलं.

"पान खाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. धूर खाणारं पान नाही पाहिलं."

"खातें कीं. पानास बारीक तोंडें असतात. हवा आंत जाते, तिच्याबरोबर धुरांतले विषारी वायूही जातात. आंत ओल असते, त्या ओलींत ते विरघळतात. मग झाड त्यांतलें जमेल तें पचवतें. नत्राचा वायू असला तर त्याचें आपलें अन्न करतें, गंधकाचा असला तर तोही थोडाथोडा कामास लावतें. फार झाला तर मात्र आंतून जळतें. सोयरे, पान घेतें तर नाकही घेतें. नाकास तर तोंड मिटायाचीही सोय नाहीं."

हे सगळं त्यांनी शहाळ्यातली मलई काढत, माझ्याकडे न बघता सांगितलं. मला राग त्याचा जास्त आला. भांडायचं तर समोर बघून भांडावं.

"सिद्ध करा," मी म्हटलं. "पेटीत धूर भरा. आत झाड ठेवा. झाडाने धूर खाल्ला तर लग्न इथे, या बागेत, एकही मशीन न आणता. नाही खाल्ला तर सांगलीत, आणि माझी सगळी मशिनं चालतील. त्यांच्या बाजूला बसून तुम्ही बघायचं."

सुमन पाण्यातून ओरडली, "अहो, पोरीच्या लग्नाची पैज लावताय?"

वेंकोबराव म्हणाले, "सरि."

बसने परतताना मला जरा बरं वाटत होतं. समोरचा माणूस भाव न करता मान्य करतो तेव्हा तो कच्चा असतो किंवा पक्का. मी कच्चा धरला.

संध्याकाळी प्रसन्नने मला त्याच्या कॉलेजात नेलं. तिथे त्याने जास्वंदीच्या पानाच्या खालच्या बाजूची बारीक साल काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी डोळा लावला. खरंच तोंडं होती. दोन दोन ओठांची, उघडी, शेकड्यांनी. आमच्या गल्लीतले सगळे दलाल एका ठिकाणी जमल्यासारखे.

"मामा, हे दोन cells आहेत ना, lips सारखे. पाणी भरलं कीं फुगतात, तोंड open. पाणी कमी झालं कीं मिटतात."

"बंद कधी असतात?"

"ऊन फार, पाणी नाही, तेव्हां. आणि light गेला कीं close. Dark मध्यें बहुतेक झाडं मिटूनच असतात."

त्याला माझा चेहरा दिसू नये म्हणून मी डोळा काढला नाही. अंधारात तोंड मिटतात! मला पैज जिंकून मिळाली होती. 'बहुतेक' या शब्दावर मी आयुष्यात कित्येक गिऱ्हाइकांना धरलेलं आहे. "बहुतेक नवीन आहे" म्हटलं की मी विचारतो, कोणता भाग जुना? त्या दिवशी नाही विचारलं. त्या दिवशी मी जावयाच्या प्रेमात होतो.

पुन्हा तंजावूर, तिसरा दिवस

सकाळी मी बोलणी सुरू केली. एकेक कलम मांडत गेलो, एकेक जिंकत गेलो.

"प्रयोग दिवे लागल्यावर सुरू होईल, आणि पेट्या अंधाऱ्या खोलीत राहतील."

"सरि."

"धूर मी आणणार. घरातला नाही, खऱ्या जनरेटरचा."

"सरि."

"झाड मी निवडणार."

इथे ते जरा थांबले. "तुम्ही?"

"मी. तुमच्या अंगणातलंच, पण मी."

"सरि."

"आणि दुसऱ्या पेटीत नुसती मातीची कुंडी हवी, तेवढीच मोठी. नाहीतर धूर मातीने खायचा आणि नाव झाडाचं व्हायचं."

यावर प्रसन्न खुर्चीतून उठला. "मामा! हे तर control! माझे students पण हें विसरतात!" बाप-लेक दोघंही माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मला बरं वाटलं. आता कळतंय की खाटकाकडेही बोकडाचं असंच कौतुक होत असेल.

मग मी अंगणात गेलो. जास्वंद नको, तिची तोंडं मी स्वतः पाहिली होती. कढीपत्त्याला वास फार, तो धडधाकट वाटला. तुळशीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. उरली ती पानफुटी. जाड, मठ्ठ, सुस्त. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी दोन तोंडांनी बोलणारी. हिच्याइतकं बेभरवशाचं झाड अंगणात दुसरं नव्हतं. मी तिच्यावर बोट ठेवलं.

वेंकोबराव माझ्या मागे उभे होते. ते पानफुटीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"सोयरे, पुन्हां एकदां पाहून घ्या."

गिऱ्हाइकाने बरोबर वस्तू उचलली की दुकानदार नेमकं हेच म्हणतो. "ती नको, ही बघा." मी हसलो. "पाहिलं. हीच."

"सरि," ते म्हणाले.

आता धूर. प्रसन्नच्या मोपेडवर बसून आम्ही एका मंगल कार्यालयाच्या मागे गेलो. तिथे भाड्याचा जनरेटर चालू होता आणि त्याचा मालक बाकावर पेपर वाचत होता. गडी माझ्याच बांध्याचा आणि माझ्याच धंद्यातला. मला दोन मिनिटं भावाला भेटल्यासारखं झालं. प्रसन्नने तमिळमध्ये आमचं काम सांगितलं. मालकाने पेपर खाली ठेवला.

"मामा, तो विचारतो, smoke कशाला पाहिजे?"

"त्याला काय करायचंय? सांग, पाहिजे."

दोघांचं पुन्हा बोलणं झालं. प्रसन्नचा चेहरा पडला. "तो म्हणतो, पाहिजे असेल तर फुकट नाहीं."

इतकी वर्षं मी आभाळाला फुकट धूर देतो आहे. एका माणसाने मागितला म्हणताच त्याला भाव आला! मी त्याच्या डोळ्यासमोर पाठ फिरवली आणि चालू लागलो. ही युक्ती सांगलीत कधी फसत नाही. चार पावलांत मागून हाक येते.

मागून हाक आली नाही. मशीनच बंद झालं. लबाडाने माल झाकून ठेवला.

मी परत फिरलो. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की ते मशीन बंद होताना गचके खात होतं. म्हटलं, ह्याचं दुखणं मी काढतो, त्याने मला धूर द्यावा. मालकाला पटलं. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. हवेची जाळी धुळीने बुजली होती, ती झटकली. डिझेलच्या नळीत हवा अडकली होती, ती सोडली. आणखी दोन ठिकाणी हात फिरवला. मशीन सुरू केलं. असं चाललं म्हणून सांगू! नव्या नवरीसारखं, आवाज नाही. मालकाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि धुराच्या नळकांड्याकडे बोट दाखवून म्हणाला, घे.

तिथून काही येतच नव्हतं. मी काम इतकं चोख केलं होतं की धूरच बंद झाला.

प्रसन्न मोपेडला धरून हसत खाली बसला. मी माझा रुमाल काढला आणि नुकत्याच साफ केलेल्या जाळीवर घट्ट दाबून धरला. मशीन गुदमरलं आणि हवा तसा काळा धूर आला. मालक ओरडत होता, मी हात काढत नव्हतो, आणि प्रसन्नने बरोबर आणलेली मोठी प्लास्टिकची पिशवी नळकांड्याला लावून भरून घेतली. आयुष्यात स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेलं मशीन स्वतःच्या हाताने बिघडवायची वेळ माझ्यावर वेंकोबरावांनी आणली. हेही त्यांच्या खात्यावर मांडून ठेवा.

मग मी मोपेडच्या मागच्या बाजूला, माझ्याएवढी धुराची पिशवी उराशी कवटाळून, आणि पुढे प्रसन्न, अशी आमची वरात तंजावूरच्या बाजारातून निघाली. वाटेत बाजाराला आलेल्या सुमन आणि अंबुजाबाई रिक्षातून समोर आल्या. मी हात केला. सुमनने पदर तोंडावर घेऊन दुसरीकडे पाहिलं. अंबुजाबाईंनी नंतर सांगितलं की रिक्षावाल्याने "तो कोण?" असं विचारल्यावर सुमन म्हणाली, "माहीत नाही बाई, कोणीतरी उत्तरेकडचा असेल."

दिवे लागले. प्रसन्नने कॉलेजातून दोन सारख्या पारदर्शक पेट्या आणल्या होत्या, कडेला रबर लावलेल्या. एकीत पानफुटी, एकीत नुसती मातीची कुंडी. दोन्हींत नळीने सारखा धूर सोडला. धुरातला नत्राचा विषारी वायू मोजायचं एक हातात धरायचं यंत्र त्याच्याकडे होतं. दोन्हीकडे आकडा जवळजवळ सारखा आला. तो मी स्वतः वाचला. खोलीचा दिवा मी बंद केला. दार मी लावलं. किल्ली माझ्या खिशात.

जेवायला बसलो. माझी भूक छान होती. पुरणपोळी होती, आपल्यासारखीच, फक्त वर तुपाचा पूर. मी वेंकोबरावांना सांगलीतल्या मैदानाची रुंदी समजावून सांगितली, मशिनं कुठे उभी राहतील ते पोळीवर बोटाने काढून दाखवलं. मी म्हणालो, "रावसाहेब, पहिल्या मशिनाला हार तुमच्या हस्ते." ते फक्त तूप वाढत राहिले. त्या वेळी तरी त्यांनी काही बोलायला हवं होतं की नाही, तुम्हीच सांगा.

जेवणं झाल्यावर दार उघडलं. प्रसन्नने आधी मातीच्या पेटीला यंत्र लावलं. आकडा थोडा उतरला होता. थोडं मातीने घेतलं, थोडं पेटीच्या भिंतींना चिकटलं, असं तो म्हणाला. मग पानफुटीच्या पेटीला लावलं.

आकडा अर्ध्याच्याही खाली होता.

मी यंत्र हिसकावून घेतलं. झटकलं. पुन्हा लावलं. पेट्यांचे रबर तपासले, जमिनीवर आडवा होऊन पेटीला भोक शोधलं. किल्ली खिशात होती, ती काढून बघितली, जणू काही तिनेच दगा दिला. मग मी बोलायला सुरुवात केली. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण शेजारचे दोघं-तिघं गॅलरीत आले आणि त्यांना मराठी येत नसूनही सगळं समजलं.

वेंकोबराव माझं संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "सरि. बाग झाडून घेऊं."

चौथा दिवस

सकाळी मी अंगणात उभा होतो. पानफुटी कुंडीत तशीच बसलेली, दोन पानांच्या कडांना तपकिरी डाग. माझा धूर तिलाही जरा जास्त झाला होता. प्रसन्न आला आणि त्याने एक चांगलं पान तोडून माझ्या हातात दिलं.

"खा, मामा."

खाल्लं. आंबट. चिंचेने मान खाली घालावी इतकं.

"संध्याकाळीं sweet नाहीं, पण आंबट पण नाहीं. बरोबर?"

"तुला माहीत आहे हे?"

"हें वेगळं झाड, मामा. हें कोरड्या जागेसाठीं झालेलं. दिवसा तोंड उघडलं तर पाणी उडून जाईल, म्हणून दिवसा मिटून बसतं आणि रात्रीं उघडतं. रात्रभर हवा आंत घेतं, तिचं आम्ल करून साठवतं. म्हणून सकाळीं आंबट. दिवसा light आला कीं तें आम्ल वापरून टाकतं, म्हणून संध्याकाळीं सपक. काल रात्रीं तोंड उघडलं तेव्हां बाहेर तुमचा धूर होता. तोही आंत गेला. पचवायचं काम आतां चालू असेल."

सुमन मागून म्हणाली, "म्हणजे रात्री उशिरा जेवतं आणि सकाळी आंबट ढेकर. अगदी तुमच्यासारखंच की हो."

अंगणातली इतर सगळी झाडं अंधारात तोंड मिटून बसणारी. रात्री उघडणारं एकच. आणि मी दोन वेळा चावून, पारखून, पुन्हा एकदा बघून घ्यायला सांगितलं असताना, तेच निवडलं.

मी हार मानत नाही. मी लगेच दुसरी बोलणी काढली. "ठीक आहे. पानं धूर खातात ना? मग मैदानाभोवती पानफुटीच्या हजार कुंड्या मांडतो. मशिनं चालू दे, झाडं खाऊ दे." प्रसन्नने मान हलवली. एवढीशी पेटी, त्यात पिशवीभर धूर, आणि तेवढ्यासाठी एक दाट कुंडी आणि जेवणभर वेळ लागला. उघड्या मैदानावर एका मशीनच्या धुराला कावेरीकाठची सगळी झाडं रांगेत आणून बसवली तरी पुरायची नाहीत, आणि आलीच तर त्यांच्याही कडा तपकिरी होतील. झाडं मदत करतात, मामा, तो म्हणाला, पण धूर कमी करायचं काम माणसाचंच.

मी शुभदाला फोन केला. सगळं सांगितलं, अगदी सुरुवातीपासून. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पप्पा, झाड कोणी निवडलं?" मी फोन ठेवला.

मग मी सरळ वेंकोबरावांसमोर जाऊन उभा राहिलो. ते ओट्यावर बसले होते. मी विचारलं, "रावसाहेब, एवढी वर्षं पानं शिकवलीत. ती पानफुटी रात्री तोंड उघडते, हे तुम्हाला मी बोट ठेवलं तेव्हा माहीत होतं की नाही?"

त्यांनी पेल्यातली कॉफी वाटीत ओतली. वाटीतली पेल्यात. फेस आला.

"कॉफी घ्या, सोयरे," ते म्हणाले.

हे उत्तर नाही. आता सांगलीत येऊन मी चार जाणत्या व्यापाऱ्यांना विचारलं आहे. मालातला दोष लपवतो तो लबाड, यावर सगळ्यांचं एकमत आहे. मग मालातला गुण लपवतो तो कोण? यावर त्यांच्यात भांडणं लागली, पण वेंकोबरावांना सज्जन कोणीही म्हणालं नाही.

लग्न तिरुवैयारुला आहे. नारळाच्या बागेत, दिवसाउजेडी, माझ्या एकाही मशीनशिवाय. मी शब्द दिला आहे आणि तो पाळणार. दोर्‍या ओढून उभा राहिलेला माणूस आहे मी, शब्द फिरवून नाही. पण वेंकोबरावांनी एक ध्यानात ठेवावं. त्या दिवशी मुलगा आणि मुलगी समोरासमोर उभी राहतील, मधे अंतरपाट धरला जाईल, आणि त्याचं माझ्या बाजूचं टोक माझ्या हातात असेल. मंगलाष्टकं संपतील, सगळे अक्षता मुठीत घेऊन थांबतील. तेव्हा मी सगळ्यांच्या देखत तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे, रावसाहेब. माहीत होतं की नव्हतं? हो किंवा नाही, दोनच शब्दांतला एक द्या. 'सरि' चालणार नाही. तोवर अंतरपाट खाली येणार नाही.